रकाना सातमधला राखणदार

रविवारी दुपारी पिल्लू घरात आलं आणि चष्मेवाल्याचा बाप गेला. वारला वगैरे नाही. उलट त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवला, हात धुतले आणि पिल्लाच्या ताटलीत पाणी ओतलं. पण बाप म्हणून घरात जो होता तो गेला, आणि त्याच चेहऱ्याचे, त्याच चपला घालणारे एक सभ्य गृहस्थ राहायला आले. आता हे असं काही झालेलंच नाही. चष्मेवाल्याने तसं ठरवलंय, आणि आपणही होता होईल तो त्याच्या मताला मान देऊ. एक माणूस कुत्र्याचं पिल्लू आणायला गेला आणि घेऊन आला, एवढंच घडलं.

चष्मेवाला चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. दुकान त्याचं नव्हतं, पण सगळी गल्ली त्यालाच चष्मेवाला म्हणायची आणि खऱ्या मालकाला कुणी ओळखत नव्हतं. हे त्याला मनातून फार आवडायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, हॉल आणि दोन खोल्या. एका खोलीत तो आणि बायको. दुसऱ्या खोलीत फ्रेमची खोकी, छतापर्यंत. दुकानात जागा नव्हती आणि मालकाने सहज विषय काढला तेव्हा 'आमच्याकडे एक खोली रिकामीच असते' असं तो बोलून बसला होता. रिकामी खोली बाबांची होती. बाबा हॉलमध्ये घडीच्या खाटेवर झोपायला लागले. यावर कुणी कुणाला काही बोललं नाही. असल्या गोष्टी बोलायची वेळ येण्याआधीच अंगवळणी पडतात.

बाबा एकतीस वर्षं एका शीतगृहाच्या गेटवर राखणदार होते. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. अजूनही सकाळी सहाला दाढी करून ते जिन्यात खुर्ची टाकून बसत, ते दोन वाजेपर्यंत. पाळी संपली की खुर्ची आत. मधल्या वेळात जो कोणी जिना चढेल त्याला 'कोणाकडे?' असं विचारत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकेला त्यांनी तिच्याच घरी जाताना विचारलं, "कोणाकडे?"

"माझ्याकडेच," ती म्हणाली.

"त्या घरी आहेत का?"

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "नसाव्यात," आणि खाली उतरून गेल्या. संध्याकाळी त्यांचे यजमान तक्रार घेऊन आले.

"त्यांना काहीतरी राखायला आणून द्या," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "नाहीतर एक दिवस मलाच आत सोडायचे नाहीत."

तेव्हा चष्मेवाल्याला ते सुचलं. शीतगृहाच्या गेटवर पूर्वी एक जर्मन शेफर्ड होता. बाबा त्याला अल्सेशियन म्हणत, आणि त्याच्याविषयी ज्या आवाजात बोलत तो आवाज ते माणसांसाठी फारसा काढत नसत. ठरलं. बाबांना पिल्लू आणून द्यायचं. जगभर राखणीसाठी कुत्रा ठेवतात. चष्मेवाल्याच्या घरी राखणदारासाठी ठेवायचा. विचार चांगला होता. इथपर्यंत त्याच्या खात्यावर एकही पाप नाही, हे लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडणार नाही, पण असू द्या.

शहराबाहेर एक केनेल होतं. ते चालवणाऱ्या बाई पिल्लू विकत नाहीत, 'देतात', असं त्यांनी फोनवरच बजावलं. आधी अर्ज. अर्जात एकवीस रकाने. रकाना सात: 'दिवसभर पिल्लाजवळ कोण असेल?' चष्मेवाल्याने लिहिलं, 'वडील.' मग खालची बारीक अक्षरं वाचली: 'साठीपुढील व्यक्तीच्या भरवशावर पिल्लू दिले जाणार नाही. आठ महिन्यांचा शेफर्ड धावला की धरणारा आडवा होतो.' बाबा सदुसष्ट वर्षांचे. चष्मेवाल्याने नवा अर्ज काढला आणि रकाना सातमध्ये लिहिलं: 'पूर्णवेळ राखणदार, अनुभव एकतीस वर्षे.' आणि पेन खाली ठेवून स्वतःवरच खूश झाला, कारण यातला एकही शब्द खोटा नव्हता.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "अर्ज पसंत आहे. रविवारी सकाळी या. राखणदाराला घेऊन या. पिल्लाला आधी त्याचा वास कळला पाहिजे."

बाबांना अर्जाबद्दल त्याने काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, "बाबा, रविवारी अल्सेशियन आणायला जायचंय." बाबांनी खुंटीवरचा पांढरा शर्ट काढून उजेडात धरला. मग म्हणाले, "गाढवा, आधी नाही का सांगायचं? शर्टाला इस्त्री नाही."

रविवारी त्यांनी पांढरा शर्ट घातला. डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा होता, तो चष्मेवाल्यानेच दुकानातून आणून दिलेला. न्यायाधीश दिसत होते. चष्मेवाल्याने, परत येताना पिल्लू अंगावर काही करेल म्हणून, कोपराशी विरलेला टी-शर्ट घातला. गाडी मालकाची. पुढच्या सीटवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आणि आरशांचं खोकं होतं, म्हणून बाबा मागे बसले. घडणारी गोष्ट अशी हळूहळू तयारी करते, आणि आपण मात्र पेट्रोल किती आहे ते बघत असतो.

केनेलच्या फाटकाशी बाई उभ्याच होत्या. गमबूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गाडी थांबताच त्यांनी मागचं दार उघडलं. "या, या साहेब. रस्ता सापडला ना नीट?" आणि मग पुढच्या खिडकीकडे अर्धी मान वळवून, "ड्रायव्हर, गाडी त्या पत्र्याच्या शेडखाली लाव. आणि हॉर्न वाजवू नकोस, आत बाळंतीण आहे."

इथे एक सेकंद होता. एका सेकंदात माणसाला बरंच काही करता येतं. हसता येतं. 'अहो, हे माझे बाबा,' असं म्हणता येतं. मुकाट्याने शेडखाली गाडी लावून येता येतं. चष्मेवाल्याच्या कानात 'ड्रायव्हर' आणि 'लाव' हे दोन शब्द शिरले आणि सेकंद तिथेच संपला. तो दार उघडून ताडकन उतरला.

"साहेब मी आहे," तो म्हणाला. "हे आमचे राखणदार."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. चष्म्याचा नंबर त्यानेच काढलेला होता आणि अगदी बरोबर काढलेला होता. त्यामुळे बाबांना तो स्वच्छ दिसला.

मग ते उतरले. बाईंनी धरलेलं दार त्यांच्या हातातून हलकेच घेऊन त्यांनी बंद केलं, आवाज न करता, कारण आत बाळंतीण होती. गाडीला वळसा घालून चष्मेवाल्याच्या बाजूला आले, दोन पावलं मागे उभे राहिले, हात पाठीशी. म्हणाले, "चला साहेब."

बाबांना 'साहेब' म्हणायच्या कितीतरी तऱ्हा येत. चष्मेवाला लहान असताना ते त्याला करून दाखवत आणि तो पोट धरून हसत असे: बढती मिळालेल्याचा साहेब, बदली झालेल्याचा, रोज ओळखपत्र विसरणाऱ्याचा, आणि ज्याला काही झालं तरी आत सोडायचं नाही त्याचा. चष्मेवाल्याने कान टवकारून ऐकलं. हा त्यातला कुठलाच नव्हता. यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. हा साधा, कामावरचा साहेब होता. टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

बाईंचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर नियमांची पाटी. चष्मेवाला एका खुर्चीत बसला. दुसरी बाईंची. बाबा उभे राहिले. चष्मेवाला अर्धा उठला, पण साहेबाने राखणदाराला खुर्ची का द्यावी हे सांगता येईना, म्हणून अर्धाच बसला. उरलेली सगळी मुलाखत त्याने तशी, खुर्चीच्या कडेवर काढली.

"मला साहेबांशी बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. "साहेब लोक अर्जात गोड लिहितात. मी माणसाला विचारते. काय हो, किती वर्षं आहात यांच्याकडे?"

"साहेबांच्या जन्मापासून," बाबा म्हणाले.

"अरे वा! म्हणजे यांना खेळवलंत वगैरे?"

"शाळेत सोडायचो. साहेब फार रडायचे. फाटकाची सळई धरून ठेवायचे, एकेक बोट सोडवावं लागायचं."

बाई हसल्या. चष्मेवाल्याने आपल्या बोटांकडे पाहिलं.

"राहता कुठे?"

"साहेबांकडेच. हॉलमध्ये."

"हॉलमध्ये म्हणजे? खोली नाही दिली?"

"होती. आता तिथे साहेबांची खोकी असतात."

"खोकी?"

"चष्म्यांची. नाजूक माल असतो, बाई. ओल लागून चालत नाही."

बाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं. कुत्र्याला साखळीला बांधून गावाला जाणाऱ्या माणसाकडे त्या अशाच बघत असाव्यात. "आणि आजारी पडलात तर?"

"मागच्या वर्षी पडलो होतो. साहेबांना दुकान होतं. बाईसाहेबांनी माहेराहून फोनवरून विचारपूस केली."

"सुट्टी?"

बाबांनी खरोखरच आठवून पाहिलं. "आजच बाहेर आणलंय," ते म्हणाले, आणि त्यात त्यांना आनंद झाल्याचं स्पष्ट दिसत होतं.

चष्मेवाला ऐकत होता. बाबा एकही शब्द वाढवून सांगत नव्हते. मुलाखत चाळीस वर्षं चालली असती तरी त्याच्याविरुद्ध एवढंच निघालं असतं. घरात हेच सगळं रोज चालायचं आणि घरातलंच वाटायचं. एक शब्द बदलला, बापाच्या जागी राखणदार घातला, आणि पोलिसांत देण्यासारखं झालं. त्याला वाटलं, म्हणजे इतके दिवस फक्त त्या एका शब्दावर भागत होतं की काय.

"साहेब," बाई करड्या आवाजात म्हणाल्या, "माणूस सोन्यासारखा आहे म्हणून पिल्लू देते. तुमच्याकडे बघून दिलं नसतं."

"हो," चष्मेवाला म्हणाला. इतकं खरं तो सकाळपासून बोलला नव्हता.

"वय काय तुमचं?" बाईंनी बाबांना विचारलं.

बाबांच्या समोरच पाटी होती. साठीचा नियम तिच्यावर मोठ्या अक्षरांत होता. बाबांनी ती वाचली, मग चष्मेवाल्याकडे पाहिलं, आणि मुलाने अर्जात आपल्याला राखणदार का लिहिलं असेल, हे रकाना सात न वाचताच त्यांना तिथल्या तिथे उलगडलं. एकतीस वर्षं त्यांनी गेटचं रजिस्टर लिहिलं होतं, वळणदार अक्षरात, आणि त्यात एकही खोटी नोंद नव्हती. एकदा खुद्द मॅनेजर दहा मिनिटं उशिरा आला तर त्यांनी दहाच मिनिटं लिहिली होती.

"अठ्ठावन्न," बाबा म्हणाले.

मग पिल्लं सोडली. सहा होती, काळी-तांबूस, पोटं जमिनीला टेकणारी, कान अजून पडलेले. पाचांनी चष्मेवाल्याच्या बुटांचा वास घेतला आणि मत बनवून निघून गेली. सहावं सरळ बाबांकडे आलं, त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलं. बाबा खाली बसले. "काय रे?" ते म्हणाले. "काय रे गाढवा?"

"आलोच," म्हणून चष्मेवाला दोन पावलं पुढे गेला, आणि हाक आपल्याला नव्हती हे कळून थांबला.

आता फक्त कागद राहिला होता. बाईंनी ताबापत्र पुढे सरकवलं. वरच्या ओळीत चष्मेवाल्याने सही केली. खाली छापील अक्षरांत त्याचं पूर्ण नाव होतं. पूर्ण नावात बाप मधोमध बसलेला असतो, तो असा कुणी राखणदार म्हटल्याने उठत नाही. दुसऱ्या ओळीत राखणदाराची सही हवी होती. बाबांनी पेन हातात घेतलं. कागदाकडे पाहिलं. वरच्या नावातलं मधलं नाव त्यांचं होतं, आडनाव त्यांचं होतं. खाली तीच दोन नावं त्यांच्या अक्षरात उतरली की बाईंना फक्त वरखाली बघायचं बाकी राहिलं असतं.

चष्मेवाल्याच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. आणि शरमेची गोष्ट अशी की त्या क्षणी त्याला बाबांचं वाईट वाटलं नाही. आता पकडलो, एवढंच वाटलं.

बाबांनी पेन टेबलावर ठेवलं. "शाईचा पॅड आहे का, बाई?"

"का?"

"सही येत नाही."

"अगंबाई! चष्मा तर चांगला ऐटीत घातलाय."

"साहेबांनी दिला. दिसायला बरा."

बाईंनी पॅड दिला. बाबांनी डावा अंगठा पॅडवर टेकवला, मग कागदावर, न फिरवता, न पुसटता, जसा गेटवर ते हमालांना टेकवायला शिकवत. मग खिशातून रुमाल काढून अंगठा पुसला. शाई निघाली नाही. बाईंनी पुढे लिहिलं, 'राखणदार निरक्षर,' आणि चष्मेवाल्याला म्हणाल्या, "जन्मापासून आहेत म्हणतात. निदान सही तरी शिकवायची होतीत."

"चुकलंच," चष्मेवाला म्हणाला.

परत येताना पिल्लू बाबांच्या मांडीवर होतं. चष्मेवाल्याने आरशात बघत सुरुवात केली, "बाबा, ते मी आपलं..."

"पुढे बघा साहेब," बाबा म्हणाले. "ट्रक आहे."

ट्रक खरंच होता.

घरी आल्यावर संपेल असं त्याला वाटलं होतं. संपलं नाही. बाबा रुसले वगैरे नव्हते. रुसलेला माणूस कमी जेवतो. ते नीट जेवत, हसत, सुनेला पूर्वीसारखंच 'अगं, मीठ दे' म्हणत. फक्त चष्मेवाल्याला 'तुम्ही' म्हणत. तुम्ही बसा. तुमचा डबा राहिला. तुम्हाला उशीर होईल. तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, "बाबा तुम्हाला अहो-जाहो का करायला लागलेत? तुम्ही वारलात का?"

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला, "आणि फोनवरून विचारपूस करणारी बाईसाहेब म्हणजे मी का?" त्यानंतर दोघंही बराच वेळ खोकी उचलत होती. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. फ्रेम स्वयंपाकघरात, पलंगाखाली, न्हाणीघराच्या माळ्यावर गेल्या. "बाबा, तुमची खोली," चष्मेवाला म्हणाला. बाबांनी आत डोकावून पाहिलं, खोली छान आहे म्हणाले आणि तिथे पिल्लाचं अंथरूण घातलं. स्वतः हॉलमध्येच राहिले. दार तिथून जवळ पडतं म्हणाले.

'अरे,' 'गाढवा,' 'इकडे मर' हा सगळा खजिना आता पिल्लाला मिळत होता. "झोप रे गधड्या," असं हॉलमधून ऐकू आलं की आतल्या खोलीत चष्मेवाला डोळे मिटायचा आणि मग त्याला कळायचं की ते आपल्यासाठी नव्हतं. शिव्या मिळाव्यात म्हणून त्याने प्रयत्न करून पाहिले. दुधाचं पातेलं उतू घातलं. बाबांच्या देखत काचेचा ग्लास सोडला. लहानपणी ग्लास फुटला की तीन पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

"राहू द्या साहेब," बाबा केरसुणी घेऊन आले. "पायाला लागेल तुमच्या."

शेवटी एका सकाळी तो जिन्यात जाऊन खुर्चीशेजारी पायरीवर बसला. "बाबा, चुकलो. मला मारा. पण हे तुम्ही-तुम्ही बंद करा."

बाबांनी पिल्लाच्या कानामागे खाजवलं. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "मी मुद्दाम नाही करत हो," ते म्हणाले. "गेटवर एक शिस्त असते. ज्याला एकदा साहेब म्हटलं त्याला पुन्हा खाली उतरवायचं नाही. नोकरी जाऊ दे, भीक मागायला येऊ दे, साहेब म्हणजे साहेब. नाहीतर तोंडाचा काय भरवसा? एकतीस वर्षं तसं केलं. आता जीभ वळत नाही, बघा. प्रयत्न करतो मी. परवा जवळजवळ आलं होतं तोंडात."

"मग?"

"मग तुम्ही समोर आलात."

चष्मेवाल्याने त्याच दिवशी केनेलला फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. पलीकडे बाईंनी कागद चाळल्याचा आवाज आला. मागे कुत्री भुंकत होती. मग म्हणाल्या, "सदुसष्ट? मग नियमाने पिल्लू परत करावं लागेल. राखणदार आहेत तर पिल्लू आहे. वडील असतील तर पिल्लू नाही. काय हवंय ते लेखी कळवा."

हॉलमध्ये बाबा पिल्लाला पाठीशी हात धरून उभं राहायला शिकवत होते. ते शक्य नाही हे दोघांनाही कळत होतं, पण चालू होतं. चष्मेवाल्याने कागद घेतला आणि लिहिलं:

'प्रति, माननीय संचालिका. विषय: अर्जातील रकाना क्रमांक सातमध्ये दुरुस्ती होणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर रकान्यात अर्जदाराकडून 'राखणदार' अशी नोंद अनवधानाने नव्हे तर समजून उमजून झालेली आहे. तरी त्या जागी 'वडील' असे वाचण्यात यावे. ताबापत्रावरील 'निरक्षर' हा शेरा रद्द करून 'अक्षर वळणदार' असा करण्यात यावा. ही दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे गाडीचे मागचे दार उघडण्यापूर्वीच्या एका सेकंदापासून अमलात यावी. तथापि पिल्लू परत मागवण्यात येऊ नये, कारण ते आता सदर इसमाचे एकुलते एक आहे. तसेच सदर इसमाने अर्जदारास यापुढे एकेरीत, व शक्य झाल्यास गाढव म्हणून संबोधावे, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित व्हावेत, व त्याची एक प्रत जिन्यातील खुर्चीवर समक्ष देण्यात यावी, ही नम्र विनंती.'